आजारी हात कुणी धरायचा

नाना कंपाउंडर दवाखाना सोडून कधी बाहेर पडत नसत. बेलापुरातल्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात सकाळी आठला ते स्टुलावर बसले की दिवे लागेपर्यंत उठायचे ते फक्त जेवायला. त्यामुळे त्या दुपारी पुणतांब्यात, ठकूबाईंच्या ओट्यापुढे टोपी हातात घेऊन उभे असलेले नाना दिसले, तेव्हाच मला काय ते कळायला हवं होतं. मी ठकूबाईंच्या दंडाला पट्टा बांधून फुगा दाबत होतो. पारा वर चढलेला, कानात नळ्या. नानांचे ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. नळ्या काढल्या तेव्हा ते म्हणाले, “सखाराम, बाई गेल्या. सकाळीच… तुला न्यायला आलोय.” मी पट्ट्यातली हवा सोडून दिली. पारा खाली उतरला आणि आकडा घ्यायचा राहून गेला. ठकूबाईंच्या कार्डावर त्या तारखेपुढची जागा तशीच कोरी राहिली. बाईंच्या हाताखाली चार वर्षं काढली, त्यात मी कोरी सोडलेली ती पहिली जागा.

त्याला आता सहा आठवडे होतील. डॉ. इंदुमती चासकर हे नाव शहरातल्या वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. बेलापूर, पुणतांबा आणि आजूबाजूच्या वीसेक गावांत मात्र ‘डॉक्टरीणबाई’ म्हटलं की दुसरं कुणी समजत नसे. पुण्याला शिकून त्या इथे आल्या त्या बाळंतपणं करायला. बाळंतपणं, विंचू, मोडलेले हात हे सगळं केलंच. पण त्यांचा जीव अडकला होता तो लकव्यात. आमच्या भागात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. दवाखान्यामागच्या खोलीत बाईंची आई अशीच वारं जाऊन सात वर्षं पडून होती. बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, “आईला हे का झालं, ते मी पुस्तकांत खूप शोधलं. पुस्तकं आहेत दुसऱ्या मुलखातल्या माणसांची. ती माणसं काय खातात, काय ओझी उचलतात, ते सगळं त्यात आहे. माझी आई त्यात नाही.” आई गेल्यावर त्यांनी जाड पुठ्ठ्याची कार्डं कापून घेतली. ज्याच्या ज्याच्या अंगावरून वारं गेलं त्याचं एक कार्ड. वय काय, काम काय, मीठ किती, तंबाखू किती, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, ब्लडप्रेशर किती. आणि मग दर महिन्याला त्याच्या घरी जाऊन बघायचं, की त्याचं पुढे काय झालं. उठून बसला का, स्वतःच्या हातानं जेवला का, का गेला.

हे पुढे जाऊन बघायचं काम माझ्याकडे आलं. मी कोकणातला, देवगडच्या बाजूचा. सातवीनंतर शाळा सुटली, ती परत धरली नाही. गावच्या एका माणसाच्या ओळखीनं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लागलो होतो. ते काम हंगामापुरतं. कारखान्याचं धुराडं थांबलं की घरी परत जाऊन काय सांगायचं हा प्रश्न यायचा. अशाच एका हंगामाच्या शेवटी ताप आला म्हणून दवाखान्यात गेलो. बाईंनी विचारलं, काय करतोस. म्हटलं, काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन लिहितो. “गाडीवाला ओरडत नाही?” “ओरडतो ना. म्हणतो कमी लिहिलं. कारखान्याचा माणूस म्हणतो जास्त लिहिलं.” “मग तू काय करतोस?” “काटा जिथे थांबतो ते लिहितो.” बाईंनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग गळ्यातल्या नळ्या काढून माझ्या कानांत घातल्या, नानांना समोर बसवलं आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. “ठोका ऐकू येईल तो वरचा आकडा, ऐकू यायचा बंद होईल तो खालचा. सांग.” मी सांगितला. त्यांनी स्वतः ऐकून खात्री केली, तो बरोबर निघाला. नाना म्हणाले, “बाई, ह्यो कोकन्या आपल्याला पुरून उरनार बगा.” त्या दिवसापासून मी बेलापूरचा झालो.

बाईंचे नियम थोडे होते, पण पक्के. घरात गेल्यावर माणसाला आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, मग पट्टा. चहा आकडा घेतल्यानंतर. हा नियम फार जड जायचा, कारण दारात पाऊल टाकायच्या आत चुलीवर आधण चढलेलं असे आणि ‘नंतर घेतो’ म्हटलं की घरच्या बाईचं तोंड उतरे. दुसरा नियम असा, की कार्डावर जागा कोरी ठेवायची नाही. माणूस भेटला नाही तर ‘भेटला नाही’ लिहायचं. वारला असेल तर वारला म्हणून लिहायचं, त्याचं कार्ड बाजूला काढायचं नाही. “कोऱ्या जागेत पुढे कुणीही आपल्या मनासारखं भरतो, सखाराम,” त्या म्हणायच्या. “आणि जे वारले त्यांना वगळलं, तर हा आजार फार सोपा दिसायला लागतो.” आणि तिसरा नियम, पट्टा नेहमी बऱ्या हाताला. वारं गेलेल्या हातात आकड्याचा भरवसा नसतो, कधी कमी दाखवतो, कधी जास्त.

मी स्वभावानं भित्रा. पेटीला कुलूप लावलं का हे वाटेत तीनदा बघायचो. शनीच्या शिंगणापुरात पहिल्यांदा गेलो तेव्हा एका घरापुढे बराच वेळ नुसता उभा राहिलो. दारच नाही तर कडी कुठली वाजवायची, आणि नुसतं आत शिरायचं तरी कसं. शेवटी आतूनच म्हातारा ओरडला, “अरं खोकतोयस किती मघाधरनं, दुकनं तुला हाय का मला?” बाईंना हे सांगितलं तर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, “तुझंच एक कार्ड करायला हवं. काय खातो, तर धसका. किती, तर पोटभर.”

दुष्काळाच्या साली आमची सगळीच फिरती बदलली. घरांत माणसं नसायची. खडी फोडायच्या कामावर जाऊन, मातीच्या ढिगाआड पाच मिनिटं बसवून आकडे घ्यावे लागत. त्या दिवसांत बाई स्वतः एक-दोनदा माझ्याबरोबर आल्या. एका वस्तीवरच्या बौद्ध कुटुंबातली एक बाई, तिच्या नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलेलं, तिला बाईंनी नेहमीप्रमाणे सांगितलं की मीठ कमी करा. ती कामावरून घरी येऊन फडक्यातली भाकरी सोडत होती. भाकरीवर मिरचीचा ठेचा आणि मिठाचे खडे. ती शांतपणे म्हणाली, “कमी करते, डॉक्टरीणबाई. पर मग भाकर कशासंगं खायाची, ते बी सांगा.” चहा देऊ का, असं तिनं अवघडून विचारलं, तर बाई म्हणाल्या, “दे, आधी चहा दे.” त्यांनी तिथेच बसून, तिच्याच कपातून चहा घेतला. दुसऱ्या दिवशी कार्डाच्या मागच्या बाजूला एक नवा रकाना आखला होता… मिठाशिवाय दुसरं कालवण घरात आहे का. त्यानंतर ‘मीठ कमी करा’ हे वाक्य सरसकट सगळ्यांना सांगणं त्यांनी बंद केलं. आधी विचारायच्या, मग सांगायच्या.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या चुकीचं. ते वगळून बाईंविषयी लिहिलं तर ती कोरी जागाच ठरेल.

ठकूबाई पुणतांब्याच्या. गोदावरीकाठी त्यांच्या मुलाचा, दगडूचा, मळा आहे. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं. मी डाव्या हाताला पट्टा बांधायला लागलो की त्या तो हात मागे घ्यायच्या आणि डाव्यानं उजवा उचलून माझ्यापुढे ठेवायच्या. “त्यो हात बरा हाय, भाऊ. त्याला कशापायी तरास? दुकनं ह्याला हाय, ह्यालाच बांदा.” पहिल्यांदा मी समजावलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, “मेलेला हात म्हनून तुमी बी त्याला शिवंना व्हय?” मी त्या हाताला पट्टा बांधला. फुगा दाबला, हवा सोडली, तशा त्या चमकल्या. “मुंग्या आल्या. दगडू, मुंग्या आल्या रं हाताला.” दंड आवळून सोडल्यावर कुणालाही थोडंफार तसं वाटतं, हे मला ठाऊक होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी ते बोललो नाही. पुढच्या महिन्यात गेलो तर त्यांच्या ओट्यावर गावातली आमच्या कार्डांवरची सगळी माणसं जमलेली, आणि प्रत्येकानं आपला आजारी हात पुढे केलेला. पट्टा बांधला की हातात जीव येतो, ही बातमी गावभर झाली होती. मी नाही म्हणू शकलो नाही. चार महिने पुणतांब्याचे सगळे आकडे मी आजारी हाताचे घेतले, आणि कुठल्या हाताचे ते कार्डावर लिहिलं नाही.

बाई महिन्यातून एकदा सगळी कार्डं जमिनीवर मांडून आकडे वहीत उतरवत. एका संध्याकाळी मी पेटी ठेवायला गेलो तर त्या कार्डांच्या मधोमध बसलेल्या, चष्मा कपाळावर, चेहरा लहान मुलीसारखा उजळलेला. “सखाराम, इकडे ये. पुणतांब्याची कार्डं बघ. सगळ्यांचं उतरलंय. ठकूबाईंचं तर बघ किती. गोळ्या लागू पडतायत.” प्रेशर उतरावं म्हणून सर्पगंधेच्या गोळ्या त्या देत असत. ठकूबाईंच्या गोळ्या त्यांनी त्याच आठवड्यात निम्म्या केल्या होत्या, आणि पुण्याला आपल्या जुन्या सरांना पत्र लिहायला घेतलं होतं. पत्राचा कागद समोरच होता. मी ‘बरं झालं’ असं काहीतरी म्हणालो आणि बाहेर आलो.

त्यानंतरचे आठ दिवस मला अजून आठवतात. जेवण उतरत नव्हतं. खरं सांगितलं तर काम जाणार, आणि हंगाम सुरू व्हायला पाच महिने होते. नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नव्हतं. पण ठकूबाईंच्या गोळ्या निम्म्या झाल्या होत्या. बऱ्या हातात खरा आकडा काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि म्हणूनच भीती वाटत होती. नवव्या दिवशी बाई ओसरीवर केस विंचरत होत्या, तिथे जाऊन उभा राहिलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. बाईंचा हात केसांतच थांबला. त्यांना राग लवकर यायचा, नानांना बाटली फुटल्यावर केवढं बोलायच्या. मला वाटलं, आता. त्यांनी एवढंच विचारलं, “चारही महिने?” “होय.” “सगळ्यांचे?” “होय, बाई.” त्या उठल्या. आत जाऊन पुणतांब्याची कार्डं काढली, लाल पेन्सिल घेतली आणि एकेक आकडा खोडायला लागल्या. खोडायच्या आणि बाजूला बारीक अक्षरात लिहायच्या, ‘आजारी हात’. पुण्याच्या पत्राचा कागद घडी करून चुलीत घातला. मग म्हणाल्या, “सकाळच्या पॅसेंजरनं दोघं जाऊ. आणि उभा नको राहूस असा, जेवून घे. तोंड बघ कसं झालंय.”

पुणतांब्याला ठकूबाईंनी आम्हाला बघून उजवा हात पुढे ठेवला. मी घाबरून बाईंकडे बघितलं. बाई खाली त्यांच्याशेजारी मांडी घालून बसल्या, तो हात उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला. दोन्ही हातांनी धरून ठेवला. “हा माझ्याकडे राहू दे,” त्या म्हणाल्या. “आणि तो सखारामला द्या. तुमच्या अंगातलं प्रेशर त्या हातातनंच खरं कळतं.” ठकूबाई घुटमळल्या. “पर ह्याच्यात मुंग्या येत हुत्या, बाई.” “पट्ट्यानं येतात त्या. माझ्या हाताला बांधला तरी येतील. तुम्हाला खोटं सांगणार नाही… पट्ट्यानं हात बरा होत नाही. आमच्याकडनंच चूक झाली, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.” ठकूबाईंनी तोंड फिरवलं. दगडू दारातून म्हणाला, “आये, दे की त्यो हात. बाई कवाच्या बसल्यात.” मग त्यांनी डावा हात दिला. नियमाची पाच मिनिटं थांबलो. बाई त्या निर्जीव बोटांवरून आपला अंगठा फिरवत राहिल्या. मी आकडा घेतला. मागच्या महिन्यापेक्षा कितीतरी वर. बाईंनी स्वतः ऐकून बघितलं, तोच. त्यांनी पिशवीतून गोळ्या काढून तिथेच पहिली दिली आणि दगडूला रोजच्या गोळ्या मोजून दाखवल्या. परत येताना गाडीत म्हणाल्या, “आठ दिवस उशिरा सांगितलंस. सोळा झाले असते तर कदाचित आपण तिला भेटलो नसतो. हे लक्षात ठेव. पण सांगितलंस, तेही मी लक्षात ठेवीन.”

ठकूबाई वाचल्या. त्या दिवसापासून आमची पद्धतच ठरली. बाई असतील तर बाई, नाहीतर घरातलं कुणीतरी, सून, नात, शेजारीण… एकानं आजारी हात मांडीवर घेऊन बसायचं आणि पट्टा बऱ्या हाताला. नंतर कुणी हट्ट केला नाही. त्यांना पट्टा नकोच होता, तो हात कुणीतरी धरायला हवा होता. हे माझ्या इतक्या महिन्यांत लक्षात आलं नव्हतं. बाईंना ते बसल्याबसल्या कळलं.

पुढच्या वर्षी बाईंनी आपला लेख पुण्याच्या डॉक्टरांपुढे वाचला. मला बरोबर नेलं होतं, मी मागे भिंतीला टेकून उभा. लेख इंग्रजीत होता. गाडीत येताना त्यांनी छापील कागदावर बोट ठेवून दाखवलं: या दोन ओळी, चार महिन्यांचे आकडे आजारी हाताचे निघाले म्हणून सोडून दिले. मी विचारलं, “बाई, त्यात माझं नाव आहे?” “तिथे नाही. तिथे चूक लिहायची असते, माणूस नाही.” मग पान उलटून अगदी तळाशी बोट ठेवलं. “इथे आहे. ज्यांच्याशिवाय हे काम झालं नसतं, त्यांत.” ती अक्षरं मी एकेक करून लावली. स… खा… रा… म. तो कागद घरी पाठवून दिला. आईला वाचता येत नाही, तरी तिनं तो देवाजवळ ठेवला आहे.

बाईंचा एक दोष सांगितला पाहिजे, नाहीतर त्याच रागावतील. त्यांनी स्वतःचं प्रेशर कधी बघू दिलं नाही. लोणच्याशिवाय त्यांचं जेवण होत नसे. नाना म्हणायचे, “बाई, तुमचं बी एक कार्ड करा,” तर त्या म्हणायच्या, “माझ्या आईचं कार्ड मला पाठ आहे, नाना. त्याचीच नक्कल असणार.” गेल्या चैत्रात त्यांच्याही उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली. नगरहून मोठे डॉक्टर येऊन गेले. आईच्याच खोलीत, आईच्याच खाटेवर त्या होत्या. मी सकाळी पेटी घेऊन गेलो आणि पेटी न उघडताच उभा राहिलो. बाईंनी ते बघितलं. मग डाव्या हातानं पांघरूण सारलं आणि तोच हात उताणा करून माझ्यापुढे ठेवला. आणि नजरेनं नानांना उजव्याकडे खुणावलं. नाना खाटेशी बसले आणि त्यांनी तो हात धरला. पाच मिनिटं झाली. आकडा घेतला. फार वाईट आकडा होता. मला वाटलं, थोडा कमी सांगावा, त्यांना तेवढंच बरं वाटेल. बाईंनी बोटांनी खूण केली, कार्ड दे. कार्ड मी केलं होतं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि बोटानं आकड्यावर दोनदा टकटक केली. बरोबर आहे, असं. काटा जिथे थांबला ते मी लिहिलं होतं. रोज सकाळी असंच चाललं. शेवटच्या आठवड्यात जरा उतार पडला होता, म्हणून त्यांनीच मला खुणेनं पुणतांब्याला पाठवलं. महिन्याची फेरी चुकवायची नाही म्हणून…

गेल्या सोमवारी पुन्हा पुणतांब्याला गेलो. दगडू आणि त्याची बायको मळ्यात होती, घरात ठकूबाई एकट्या. म्हणाल्या, “त्या दिशीचं ऱ्हायलं न्हवं तुमचं?” मी कार्ड काढलं आणि आधी ती कोरी जागा भरली. ‘आकडा घेता आला नाही. बाई वारल्या.’ ठकूबाईंनी आपण होऊन डावा हात पुढे केला, आणि मग उजव्याकडे बघत म्हणाल्या, “आज घरात कुनी न्हाई. आन् ह्याला कोन धरनार?”

पट्टा बांधायला दोन हात लागतात, फुगा आणि नळी सांभाळायलाही दोन. पण आधीच्या पाच मिनिटांत हात कशालाच लागत नाहीत. मी खाली मांडी घातली आणि त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला. गार होता. बोटांवरून अंगठा फिरवत राहिलो. ठकूबाईंनी डोळे मिटले होते. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. ते मी बघितलं नाही.